मुक्याच्या अकरा बिया

लिंबू चिरताना सुरी बीमधून गेली आणि माझा हात तिथंच थांबला. खरं तर रोजचंच. सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळून दिल्याशिवाय आमच्या ह्यांचं पोट हलत नाही, लिंबू म्हटलं की बिया असणार, आणि बिया म्हटल्या की एखादी सुरीखाली येणार. एवढ्या वर्षांच्या संसारात अशा किती बियांची मी वाट लावली असेल ते कोण मोजतंय. पण त्या दिवशी ते पात्यातून मुठीत आणि मुठीतून कोपरापर्यंत चढलं. आधी किंचित अडणं, मग कच्च, मग काही नाही. दोन फोडींवर दोन अर्ध्या राहिल्या. आतून पांढऱ्या, मधोमध हिरवट ठिपका, त्या ठिपक्याला बारीक टोक. ही जिवंत होती, असं मी म्हणाले, बहुतेक मोठ्यानं म्हणाले, कारण बाहेरून ह्यांनी विचारलं की कोण जिवंत होती. कुणी नाही, म्हटलं. लिंबू पिळलं, पेला नेऊन दिला, आणि परत येऊन ओट्याशी नुसती उभी राहिले. सुरी धुवायची होती, हात उचलेना. आज ऑफिसात जाऊन मला अशाच तीन बिया चिरायच्या होत्या, आणि त्या जातीच्या साऱ्या जगात मिळून अकरा उरल्या होत्या.

मी बियांच्या कोठारात काम करते. असं सांगितलं की लोकांना धान्य आठवतं. आमच्याकडे धान्य नाही, रानातल्या झाडांचं बियाणं असतं. गोणी येतात, आम्ही निवडतो, पाखडतो, सुकवतो, डबाबंद करून तळघरातल्या थंड खोल्यांत ठेवतो, की उद्या एखादं जंगल गेलंच तर निदान त्याचं बियाणं हाताशी असावं. लग्नाआधीपासून मी इथं आहे. माझ्याकडे चाचणीची खोली : एक लांब टेबल, दोन भिंगं, एक उबेचं कपाट, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘आधी चाचणी, मग माती’. हे वाक्य माझंच. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी ते पहिल्या दिवशी ऐकवते. बी बाहेरून कितीही तुकतुकीत दिसो, आतून मेलेली असू शकते, आणि मेलेल्या बियांना जागा, माती आणि माणसांचे कष्ट देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून दर गोणीतून मूठभर बिया काढायच्या, भिजवायच्या, उभ्या चिरायच्या आणि एका बिनरंगी औषधात उबेला ठेवायच्या. जिथं जीव असेल तिथं लाल रंग चढतो. नसेल तिथं पांढरं ते पांढरंच राहतं. लाल झालेली बी परत मातीत घालता येत नाही, ती चिरली तेव्हाच संपली. पोत्यात लाखभर असल्या की त्याचं कुणाला काही वाटत नाही. मलाही कधी वाटलं नाही. शितावरून भाताची परीक्षा, एक शीत गेलं म्हणून भात रडत बसत नाही, असं मीच शिकवताना सांगायचे आणि मुलं हसायची.

ज्याच्या ह्या अकरा बिया, त्या झाडाला डोंगरावरचे लोक मुका म्हणायचे. पानं जाड, चामड्याची असावीत तशी. वारा आला तरी वाजत नाहीत. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला तो उभा होता त्या घळीत चढ्यानं नेलं. चढ्या म्हणजे आमच्यासाठी झाडांवर चढून फळं काढणारा माणूस. आता त्याला नातवंडं आहेत, पण नाव चढ्याच. घळीत उतरलो तशी हवा बदलली. वर ऊन रणरणत होतं आणि खाली मला अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटायला लागलं. पायाखाली जमीन अशी नव्हतीच, कुजलेल्या पानांचा थर होता, हात घातला तर मनगटापर्यंत आत जाई आणि आत ऊब लागे. दगडांतून पाणी झिरपत होतं, कुठून ते दिसत नव्हतं. खालच्या गावांच्या विहिरी ह्याच पाण्यावर आहेत, असं चढ्यानं सांगितलं आणि आपण जरा हळू बोलू या असंही म्हणाला. का ते मी विचारलं नाही. मीही हळू बोलायला लागले. मुका मधोमध उभा होता आणि त्याचे चारदोन भाऊबंद उतारावर, ह्या घळीबाहेर तो दुसरीकडे कुठंच नाही. त्याच्या बुंध्याला मी गाल लावला, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्या वयातल्या मुली असलं काहीतरी करतात. गाल ओला झाला. फळं नव्हती. हा कधीतरीच फळतो, चढ्या म्हणाला, माझ्या बापानं एकदा बघितलाय, मी नाही. मी म्हटलं, फळला की बिया ओल्या शेवाळात गुंडाळून पाठव, सुकू देऊ नकोस, ह्याच्या बिया सुकल्या की मेल्या. काही बिया अशा असतात. त्यांना थंडी सोसत नाही, कोरडेपणा सोसत नाही, डब्यात बंद होऊन पुढच्या पिढीची वाट बघणं त्यांना येतच नाही. पडायचं, लगेच रुजायचं, नाहीतर मरायचं. आमच्या एवढ्या मोठ्या कोठाराचा त्यांना काडीचा उपयोग नाही. जंगल राहिलं तर त्या राहतील. हे मी तेव्हा पाठ केलं आणि परीक्षेत लिहून मार्कही मिळवले.

मग घळ खडीच्या खाणीला दिली गेली. कुणी दिली, कशी दिली, त्यात आता शिरण्यात अर्थ नाही. मोर्चे निघाले, अर्ज झाले, कोर्टात वर्षं गेली. त्या सगळ्यात मीही जमेल तशी होते आणि सगळ्यांबरोबर हरले. घळीच्या बदल्यात दुसरीकडे माळावर दुप्पट झाडं लावायची असं ठरलं. एकाच जातीची, भराभर वाढणारी, शाळेतल्या पोरांनी प्रार्थनेला उभं राहावं तशी ओळीत उभी. म्हणजे हिशेबानं जंगल वाढलंच की. त्या झाडांचं बियाणं आमच्याच तळघरातून गेलं आणि रोपं आमच्याच काचघरात वाढत होती. नुसतं बघितलं तरी उगवणारी जात ती. तिचा मला राग नाही. झाडावर कसला राग धरायचा. पण काचघराजवळून जाताना मी दुसरीकडे बघायचे. यंदा इतक्या वर्षांनी मुका फळला, आणि यंदाच करवती घळीत पोचल्या. चढ्याला कळलं तेव्हा झाड आडवं झालेलं होतं, बाकीचे भाऊबंदही. ह्या खेपेला चढावं लागलं नाही ताई, असं तो मला नंतर फोनवर म्हणाला, हसून म्हणाला. पडलेल्या फांद्यांतून त्यानं हाताला लागली ती फळं गोळा केली, ओल्या शेवाळात बांधली, गोणी बसच्या ड्रायव्हरकडे दिली आणि मला फोन लावला. मी लेकीच्या बाळंतपणाला दुसऱ्या शहरात गेलेले. फोन पर्समध्ये, पर्स कपाटात, आणि मी नातीला पायावर घेऊन अंघोळ घालत होते. तिची टाळू हाताखाली धडधडत होती. इकडे गोणी भांडारमामांनी उतरवून घेतली.

भांडारमामा आमचे भांडारपाल, निवृत्तीला आलेले. इतका चोख माणूस मी पाहिलेला नाही. कोठारातल्या कुठल्याही माणसानं केलं असतं तेच त्यांनी केलं. गोणीतून पाणी ठिबकतंय म्हटल्यावर त्यांचा जीव खालीवर झाला : एवढ्या लांबून आलेला माल वाटेत भिजला, बुरशी धरली तर ताईंना काय तोंड दाखवू. ओल हा आमचा हाडवैरी, असं आम्ही सगळेच उठताबसता म्हणत असतो. त्यांनी शेवाळ फेकून दिलं, फळं फोडली, गर धुतला, एकेक बी फडक्यानं पुसली आणि सुकवणीच्या खोलीत जाळीवर पसरली, जिथं दिवसरात्र गरम कोरडी हवा वाहते. मी परतले तेव्हा ते दारातच होते. आजी झालात, तोंड गोड करा म्हणाले, आणि मग हळूच, मोठी मौज सांगावी तसं, की तुमच्या मुक्याचं बियाणं आलंय, अगदी खडखडीत करून ठेवलंय. डबा त्यांनी माझ्या कानाशी धरून हलवला. बिया वाजल्या. डोळ्यांसमोर काळोख आला म्हणतात तसा आला नाही, उलट सगळं फार स्पष्ट दिसायला लागलं, मामांच्या शर्टाचं तुटलेलं बटण, त्यांच्या नखांत अडकलेला फळाचा वाळका गर. छान केलंत, म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार होते? हा माणूस थोड्या दिवसांत घरी जाणार, आयुष्यभर त्यानं कोठारात एक दाणा सडू दिला नाही, आणि मी त्याला सांगू की मामा, तुम्ही पुसून पुसून मारलंत? खोलीत जाऊन दार लावलं आणि सगळ्या बिया बादलीतल्या पाण्यात सोडल्या. आतून वाळून पोकळ झालेली बी तरंगते, जड असेल ती बुडते. पाण्यावर तपकिरी साय धरली. बघता बघता सगळं पाणी झाकलं गेलं. मी बादलीच्या कडेला धरून तशीच बसून राहिले, आणि मग हातानं साय बाजूला सारली तेव्हा तळाशी काही दिसल्या. अकरा. बुडाल्या म्हणजे जगल्या असं नव्हे. बुडाल्या म्हणजे अजून आशा सोडायची परवानगी नाही, एवढंच.

त्या अकरांना काचघरातला दमट कोपरा हवा होता, जिथं बारीक तुषार सतत पडतात. तो कोपरा माळावर जायच्या रोपांनी भरलेला. मी मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख, माझ्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या, आणि एके काळी माझ्याच टेबलाशी शिकलेल्या. बाई वाईट नाही. वाईट असती तर सोपं झालं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मामांचं नाव कुठंही काढणार नाही म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या की रोपं मोजायला वरची माणसं येणार आहेत, तो कोपरा रिकामा करायचा तर मला त्यांना काहीतरी दाखवावं लागेल. मी म्हटलं, झाड जगातून चाललंय एवढं दाखवा. त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत.

"तीन चिरून बघा ताई. तिन्हींत एक जरी लाल झाली तरी मी आख्खा कोपरा देते, रोपं माझ्या केबिनमध्ये ठेवीन, मग कोण काय म्हणायचं ते म्हणू दे."

"अकराच आहेत."

"म्हणूनच. अकराही मेलेल्या असल्या तर?"

बोलताना त्यांची नजर क्षणभर भिंतीवर गेली, कारण मी त्यांना जे वाक्य शिकवलं ते त्यांनी आपल्याही केबिनमध्ये लावून घेतलं होतं. मग त्यांनी मान खाली घातली. मला लाज वाटली, माझी नव्हे, त्या अक्षरांची. घरी बाल्कनीत कुंड्या ठेवाव्यात असाही विचार करून झाला. खाली चार पदरी रस्ता, दिवसभर धूळ, दुपारी तापलेली भिंत. ओल्या फडक्याखालीसुद्धा त्या टिकल्या नसत्या. बिया पाण्यात फार ठेवल्या तर कुजणार, बाहेर काढल्या तर सुकणार. मी त्या ओल्या वाळूच्या वाडग्यात पुरल्या आणि वाडगं झाकून संध्याकाळी घरी आले, आणि जेवताना ह्यांना सगळं सांगितलं.

ह्यांची सगळी हयात विम्यात गेली. माणूस मेल्यावर किती मिळणार हे त्यांना तोंडपाठ असतं, त्यामुळे कुठल्याही दुःखाचा ते पटकन भागाकार करू शकतात. तीन गेल्या तरी आठ उरतात, म्हणाले, आणि जगात झाडं काय कमी आहेत का. मी म्हटलं, माणसंही कमी नाहीत, तरी तुम्ही नातीचा फोटो पाकिटात घालून फिरताय. ह्यावर ते माझ्या ताटाकडे बघून म्हणाले की तू काही खाल्लेलं नाहीस. त्यांना मायेशिवाय दुसरं काही येत नाही आणि मायेनं माझं त्या वेळी काही होणार नव्हतं. मला भीती वाटत होती. नुसती भीती, छातीच्या हाडामागे हात ठेवून कुणी उभं असावं तशी. वाटत होतं की इतकी वर्षं आपण वाचवण्याचं काम करतोय असं समजलो आणि खरं तर जंगलं जात असताना तळघरात त्यांची नखं नि केस जपून ठेवत बसलो. घळ असती तर तिथं कुणाला चाचणी लागली नसती. बी पडली असती, पानांखाली गेली असती, रुजली असती किंवा मेली असती, आणि कुणाला कळलंही नसतं. जीव आहे की नाही ह्याचा पुरावा तिथं कुणी मागत नव्हतं. ती घळ आता पांढऱ्या खडीचा उघडा खड्डा आहे, चढ्या म्हणतो, खालच्या विहिरी आताच आटायला लागल्या आहेत. आणि मी ताटावर बसून हिशेब करते आहे की अकरांतल्या कुठल्या तीन.

त्या लिंबाच्या सकाळी बसमध्ये खिडकीशी बसले आणि मला लबाडी सुचली. आमच्या आवारातल्या एका साध्या झाडाची बी साल काढल्यावर अगदी मुक्याच्या बीसारखी दिसते. तीच चिरायची, तीच औषधात घालायची, तीच लाल होईल, नक्की होईल, आणि मॅडमना दाखवायची. मुक्याच्या अकराच्या अकरा वाचतील. आयुष्यात मी चाचणीत खोटा आकडा दिलेला नाही. एवढ्याशा फरकासाठी मुलांना रडवलेलं आहे. आणि आता बसमध्ये मला इतकं हलकं वाटायला लागलं की मी शेजारच्या बाईला उगाचच खिडकी देऊ केली. फाटकातून आत शिरले, अ‍ॅप्रन चढवला, त्या झाडाखाली वाकले, चार बिया उचलल्या आणि अ‍ॅप्रनच्या खिशात टाकल्या. कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी त्यात पाहण्यासारखं काय होतं, बियाण्याच्या कोठारातली बाई बिया उचलते आहे.

खोलीचं दार उघडलं तर मॅडम टेबलाशी बसलेल्या. केस घट्ट बांधलेले, हातमोजे चढवलेले, दोन कप चहा झाकून ठेवलेला. हे काम मी तुम्हाला एकटीला करू देणार नाही, म्हणाल्या. रात्रभर मला झोप नाही आली ताई, तुम्ही चिरा, मी धरते. मी खिशात हात घातला होता तो तसाच राहिला. त्यांना बाहेर जा म्हणता आलं असतं. काहीतरी काढून दोन मिनिटं तरी पाठवता आलं असतं. पण त्यांचे डोळे सुजलेले होते, आणि माझ्यासाठी असं कुणी येऊन बसेल ह्याची मी तयारीच केली नव्हती. मी खिशातल्या बिया सोडून दिल्या, हात बाहेर काढला आणि वाळूचं वाडगं पुढं ओढलं. मग सुरू झालं ते, ज्याचा मी आदल्या रात्री विचार टाळला होता. कुठल्या तीन? जड लागतील त्या घ्याव्यात तर जगण्याची आशा त्यांच्यातच. हलक्या घ्याव्यात तर त्या मेलेल्या निघायच्या, आणि तिन्ही पांढऱ्या निघाल्या की उरलेल्या आठांना कोपरा नाही. म्हणजे आठांना जागा मिळायची तर माझ्या सुरीखाली जिवंत बीच यायला हवी होती. तिथं बसून मला मनापासून, हात जोडून मागावं लागत होतं की देवा, मी चिरीन ती जिवंत असू दे. मी मागितलंही. डोळे मिटून तीन उचलल्या. मॅडमनी चिमट्यात धरल्या. पातं टेकवलं, अडलं, मग कच्च. तीनदा. औषधात सहा अर्धुकं सोडली, बशी उबेच्या कपाटात ठेवली, आणि दोघी कपाटाकडे पाठ करून गार झालेला चहा प्यायलो.

दुपारी बशी काढली. पहिली पांढरी. दुसरी पांढरी, कडेला करडी पडत चाललेली. तिसरीवर भिंग नेलं आणि मला आधी कळलंच नाही की मी काय बघते आहे. टोकापासून मुळापर्यंत लाल. आत घडी घालून ठेवलेली दोन पानं, नखाएवढीसुद्धा नाहीत, त्यांच्या शिरा दिसाव्यात इतका स्वच्छ रंग. कुठं डाग नाही, फट नाही. इतकी निरोगी बी मी क्वचित पाहिली असेल. सुकवणीच्या खोलीतून ती कशी वाचून आली होती कोण जाणे, कुठं जाळीच्या कोपऱ्यात सावलीत पडली होती, का दुसऱ्या बियांखाली दबून राहिली होती. मॅडम रडायला लागल्या, त्यांनी मला मिठी मारली. दारं उघडली, माणसं आली, भिंगात बघायला रांग लागली. चाचणीच्या खोलीत ज्यांचा कधी पाय पडला नव्हता ते भांडारमामाही वर आले. खालून पाकीट पाठवायचं आणि वरून आकडा यायचा, एवढाच त्यांचा आणि ह्या खोलीचा संबंध. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं, मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तो दुपारभर टिकला. माणसं गेली, बशी मी हातात घेतली, नियमाप्रमाणे चिरलेल्या बिया टाकायच्या असतात त्या टाकल्या, आणि हात धुताना मला कळलं की मी जे मागितलं होतं तेच मला मिळालं आहे.

मॅडमनी शब्द पाळला. माळावरची रोपं त्यांच्या केबिनमध्ये, जिन्यात, बाथरूमच्या बाहेर अशी जिथं तिथं उभी राहिली आणि दमट कोपऱ्यात आठ कुंड्या लागल्या. मी रोज आल्याबरोबर तिथं जायचे, पर्स खांद्यावर तशीच. तुषार तोंडावर पडायचे. काचांतून पलीकडच्या इमारतीचं बांधकाम दिसायचं, लिफ्ट वर जायची, खाली यायची. मातीवर काही दिसत नव्हतं. मुका सावकाश येतो असं मी सगळ्यांना सांगत होते, मला ते माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं, त्याला रुजताना पाहिलेलं माणूस आमच्यात एकही नाही. मग एका कुंडीतून आंबूस वास यायला लागला. बोट घालून बघितलं तर बी हाताला लागली आणि लागताच फुटली. पुढं दुसरी. आधी मी मॅडमना सांगायचे, मग त्यांनी विचारायचं थांबवलं आणि मी सांगायचं. घरी लेकीचा फोन यायचा, नात आता हुंकार देते म्हणायची, फोन तिच्या तोंडाशी धरायची, आणि तो ओला आवाज ऐकताना मला हसू यायचं आणि मग असं रडू फुटायचं की हे माझ्या हातातून फोन काढून घ्यायचे. शेवटची कुंडी मी मुद्दाम बरेच दिवस उकरली नाही. उकरली तेव्हा बीची नुसती साल होती, आत काळं पाणी. ती काढून टाकली, माती परत भरली, हातानं सारखी केली. आठही कुंड्यांत आता माती होती, बाकी काही नव्हतं, आणि तुषार तरीही पडत होते, कारण ते बंद करा असं मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

भांडारमामांचा शेवटचा दिवस होता. निरोपाचा चहा झाला, भाषणं झाली, कुणीतरी म्हणालं की मामांच्या हातून एक दाणा वाया गेला नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या. नंतर ते मला शोधत काचघरात आले. नवा शर्ट घातलेला होता, घडीच्या रेघा अजून गेल्या नव्हत्या. कुंड्यांकडे बघत उभे राहिले. काही आलं नाही हे त्यांच्या कानावर गेलं असावं, कारण आवाज त्यांनी फार खाली ठेवला.

"त्यांतली एक तर जिवंत होती ना, ताई? लाल झालेली. मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

"होती, मामा."

"मग ती कुठल्या कुंडीत आहे?"

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण ते खरंच विचारत होते. लाल झाली म्हणजे पास झाली, पास झाली म्हणजे मातीत गेली, असाच अर्थ त्यांनी आजवर धरलेला होता. मला त्यांना दोन गोष्टी सांगता आल्या असत्या, एक सुरीची आणि एक सुकवणीच्या खोलीची, आणि एक सांगितली असती तर दुसरी मागोमाग बाहेर आली असती. मी हात वर केला आणि भिंतीकडच्या शेवटच्या कुंडीकडे बोट दाखवलं.

ते त्या कुंडीशी गेले. नव्या कपड्यांची पर्वा न करता खाली बसले, कडेची माती बोटानं थोडी सैल केली, आणि आवाज न करता, झोपलेल्याची झोप मोडू नये अशा बेतानं उठून झारी भरून आणली. येईल, म्हणाले, घाई करू नका, असली झाडं आपल्या वेळेनं येतात. धार बारीक ठेवून ते पाणी घालू लागले. कुंडी भरली, पाणी बुडातून निघालं, फरशीवरून माझ्या चपलांपर्यंत आलं, तरी ते घालत होते. मी त्यांना थांबवलं नाही.